काका-मामा-मावशी आणि क्लॅरिनेटबंदी

संपादकांचं पत्र आलं, ‘आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा.’ माझा अधिकृत व्यवसाय असा: सिंगापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी सिरॅमिकच्या वड्या भट्टीत घालते, दुसऱ्या दिवशी बाहेर काढते आणि त्यांना तडे का गेले याचा अहवाल लिहिते. यावर लेख लिहिला तर तुमचे वर्गणीदार तुटतील. म्हणून दुसऱ्या कामाबद्दल लिहिते. दोन हजार चार ते आठ, शनिवार-रविवार, मी एका बल्गेरियन लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवत होते.

हसू नका. सगळे हसतात. आईचा फोन आला की ती विचारायची, “उत्पला, लग्नाचं काय?” मी सांगायचे, “या शनिवारी एक आहे, रविवारी दोन.” मग ती फोन बाबांकडे द्यायची.

मी तोआ पायोहमध्ये एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहत होते. एके दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली: सातव्या मजल्यावरून वाद्यांचा आवाज येतो, संबंधितांनी नोंद घ्यावी. मी औरंगाबादला कॉलेजात असल्यापासून चळवळीतली. नोटीस कुठलीही असो, मी संबंधित असतेच. कुणाची तरी गळचेपी होते आहे हे उघड होतं. मी तरातरा सातव्या मजल्यावर पाठिंबा द्यायला गेले. पाठिंबा कुणी मागितला नव्हता.

दार मेतोदीने उघडलं. पन्नाशी उलटलेली, पोट पुढे, मिशा पांढऱ्या, हातात क्लॅरिनेट. मागे त्याची बायको राडका, छातीवर ॲकॉर्डियन बांधून. दोघं बल्गेरियाहून एका हॉटेलात वाजवायला आली होती. तो करार संपल्यावर मुलांना वाद्यं शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं घ्यायची. त्यांचा ढोलवाला नुकताच मायदेशी परतला होता. ढोल कोपऱ्यात पडला होता आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

“वाजवता येतं?” राडकाने विचारलं. दोघांचं इंग्रजी मोडकं होतं, ते मी इथे धड मराठीतच देते.

“येतं की,” मी म्हटलं. कलापथकात मी हलगी वाजवत असे. हा ढोल म्हणजे हलगीच्या खापरपणजोबांसारखा: गळ्यात अडकवायचा, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक छडी. जाड बाजू धम्म म्हणते, बारीक बाजू टर्र म्हणते. यात काय अवघड?

पहिल्या मिनिटात मी आपटले.

आता अडाण्यांसाठी थोडं सांगते, मीही तेव्हा त्यांतलीच होते. बल्गेरियाचा नाच आपल्यासारखा चार-चारच्या सरळ ठोक्यांवर चालत नाही. तो सातावर चालतो, अकरावर चालतो. सात म्हणजे दोन, दोन, तीन. आपल्या रूपकातही सातच मात्रा, पण तिथे तीन आधी आणि दोन-दोन नंतर. माझा हात सवयीने तीनवरून निघायचा, मेतोदी दोनवरून. एकाच दारातून एकाच वेळी एक जण आत आणि एक जण बाहेर, अशी आमची धडक व्हायची. तो ओरडायचा, ती हसायची. शेवटी मी माझी युक्ती काढली: काका, मामा, मावशी. दोन, दोन, तीन. फक्त मावशीला तीन तुकड्यांत म्हणायचं, मा-व-शी. अकरा हवेत? काका, मामा, मावशी, दादा, ताई. मोजून बघा. महिनाभरात मी अख्ख्या गोतावळ्यासकट बल्गेरियन तालात शिरले.

हे संगीत कुणाचं, असं मी मेतोदीला विचारलं होतं. तो म्हणाला, “चाल खेड्यातली. बोटं आमची, रोमा लोकांची, ज्यांना जग जिप्सी म्हणतं. मधली वळणं तुर्कांची. थोडं जॅझ, कारण मला आवडतं. आणि हिंदी सिनेमाची धून, कारण माझ्या आईला आवडायची.” जुन्या कम्युनिस्ट राजवटीत म्हणे सरकारी अधिकाऱ्यांना शुद्ध लोकसंगीत हवं असे. लग्नातल्या लोकांना नाचायचं असे. लोक लग्नातल्या वादकांकडे जायचे आणि शुद्धवाल्यांच्या सभागृहात खुर्च्या रिकाम्या. मी टेबलावर मूठ आपटली. शुद्ध! हा शब्द ज्याने ज्याने वापरला त्याने कुणाला तरी दाराबाहेर उभं केलेलं आहे, हे मला सांगायला नको. त्या दिवशी मी पगाराचं न विचारता बँडमध्ये आले. हे चुकलंच. विचारायला हवं होतं.

या धंद्यात अवघड वाजवणं नसतं, अवघड नातेवाईक असतात. (आणि टॅक्सीवाले. ढोल बघून प्रत्येक अंकल काच अर्धी खाली करून सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, “ड्रम सो बिग, कॅनॉट लाह.”) पुंगोलला एका मराठी लग्नात लोकांना पावलं जमेनात, म्हणून मी माईकवरून सगळ्यांना माझा मंत्र शिकवला. दीडशे इंजिनियर ‘काका, मामा, मावशी, दादा, ताई’ म्हणत गोल नाचू लागले. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मावशी आहे. दादा आहे, ताई आहे. आत्या कुठेय?”

“आत्या, ही नाती नाहीत, ताल आहे.”

“तालात का होईना, मावशी आहे ना?”

आणि त्या स्टेजकडे पाठ करून बसल्या. आईस्क्रीम परत पाठवलं. नवरदेव घामाघूम झाला. मेतोदीने वाजवता वाजवता भुवया उंचावल्या. मी त्याच्या कानात परिस्थिती सांगितली. त्याने क्लॅरिनेट तोंडातून काढून अत्यंत गंभीरपणे विचारलं, “आत्या किती?”

“दोन.”

“मग तेरा झाले. आमच्याकडे तेराचा नाच आहे. पण त्यात आत्या मावशीच्या आधी येईल.”

हा निरोप मी पोचवला. “आधी?” आत्यांनी विचारलं. “मावशीच्या आधी?” मी म्हटलं, “बल्गेरियात तसंच आहे.” त्या उठल्या, पदर खोचला, आणि शेवटपर्यंत बसल्या नाहीत.

आता पत्रकांबद्दल. मी सिंगापुरात उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेल्या मामेभावाने सामान उचलण्याआधी बजावलं होतं, “इथे रस्त्यात पत्रकं वाटायची नाहीत. भिंतीला काही चिकटवायचं नाही. ऐकतेयस ना?” ऐकलं. पण ज्या हाताने वर्षानुवर्षं ‘बंधू-भगिनींनो’ लिहिलं, तो हात वड्यांच्या अहवालात किती दिवस रमणार? मेतोदीला लग्नात पाहुणे विचारायचे, “हे पंजाबी आहे का? अरबी?” त्याला वैताग यायचा. तो म्हणाला, “अर्धं पान माहिती लिही, खुर्च्यांवर ठेवू.” अर्धं पान! मला आभाळ मोकळं झालं. माझ्या पत्रकाची सुरुवात ‘पाहुण्यांनो, विचार करा!’ अशी असे. शुद्धतेच्या ठेकेदारांचा त्यात खरपूस समाचार असे. एका वरपित्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “शुभविवाहाच्या पत्रकात ‘निषेध’ हा शब्द तीनदा का आहे?”

“दोनदा चालेल?”

“एकदाही नको, बाई.”

भित्रा वर्ग. मी लिहीत राहिले.

आणि या पत्रकानेच माझा बळी घेतला. मेश्रामकाकांच्या घरचं लग्न.

मेश्रामकाका सेम्बावांगला जहाजांच्या दुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. मूळचे नागपूरकडचे, मोजकं बोलणारे. मुलगी पल्लवी अकाउंटंट. मुलाकडचे पुण्याचे, घरात बापापासून सुनेपर्यंत सगळे बँकेत, महागड्या कॉन्डोत राहणारे. बँड पल्लवीला हवा होता, म्हणून ती वडिलांना घेऊन तोआ पायोहला ठरवायला आली. काका आत आले, मेतोदीशी हात मिळवायच्या आधी ढोलाभोवती एक फेरी मारली, दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

“खांद्याला लागतो?” मला विचारलं.

“लागतो.”

“हं,” म्हणाले आणि बसले.

मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. पल्लवी मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, “ताई, माझे आजोबा बँडमध्ये होते. तिकडे, गावी. लाल कोट, सोनेरी बटणं. बाबा त्याबद्दल कधीच बोलत नाहीत.”

“काय वाजवायचे?”

“बँडमध्ये काय असतं? क्लॅरिनेट?”

ते प्रश्नचिन्ह मला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण माझ्या डोक्यात पत्रक छापायला लागलं होतं आणि छापताना मी प्रश्नचिन्हं गाळते.

इकडे बाहेरच्या खोलीत काका मेतोदीला सांगत होते, “सगळं वाजवा. फक्त क्लॅरिनेट नको. ओके?” मेतोदीने मान वर-खाली, वर-खाली जोरात हलवली. आता हे जाणून घ्या की बल्गेरियात मान वर-खाली म्हणजे नाही आणि आडवी म्हणजे हो. काका खूश झाले आणि त्यांनी आपल्या पद्धतीने मान डोलावली, जी मेतोदीला आडवी दिसली, म्हणजे हो. तो खूश झाला. मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मला वाटलं, व्वा, काय सौहार्द.

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं सर्वोत्तम पत्रक लिहिलं. ‘वधूचे आजोबा बँडवाले होते! ते क्लॅरिनेट वाजवत! ज्यांनी दुसऱ्यांच्या मांडवात वाजवलं आणि मांडवाबाहेर बसून जेवले, त्यांची नात आज मांडवाच्या मधोमध उभी आहे!’ ठळक अक्षरांत. दीडशे प्रती. आपल्या पोरीच्या लग्नात एवढा सन्मान कुणाला नको असेल?

लग्नाच्या सकाळी सेम्बावांगच्या हॉलमध्ये मी साडेनऊलाच खुर्चीखुर्चीवर पत्रक ठेवून टाकलं. दहाला पाहुणे बसायला लागले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, भन्तेजी आले, सगळीकडे पांढरे कपडे. मेतोदीने पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडायला घेतले.

“हे काय?” काका मागे उभे. “नको म्हटलं होतं ना? हा हो म्हणाला होता!”

“मी नाही म्हणालो होतो!” मेतोदी म्हणाला आणि पुन्हा मान वर-खाली केली.

“बघा! आत्तासुद्धा हो म्हणतोय!”

मानांचा उलगडा करण्यात माझी पाच मिनिटं गेली. काकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “मानेचं काय असेल ते असो. क्लॅरिनेट वाजलं तर मी या हॉलमधून उठून जाईन. पोरीचं लग्न तिच्या आईने लावावं.”

ते निघून गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाज! व्याही कॉन्डोवाले, बँकवाले. आपण बँडवाल्याचं पोर आहोत हे त्यांना कळू नये म्हणून क्लॅरिनेटवर बंदी. अशा लाजेविरुद्ध मी किती भाषणं केली होती. मी भाषणाला तोंड उघडणार होते, तेवढ्यात खुर्च्यांकडे नजर गेली.

दीडशे प्रती. ठळक अक्षरांत.

लाज असो वा नसो, सांगायचं की नाही हे त्यांचं होतं, माझं नव्हतं. हे कळायला मला फार उशीर लागला. पल्लवी दाराबाहेर गाडीत होती. तिचा बाप उठून गेला असता तर ते माझ्यामुळे.

मी पत्रकं परत गोळा करायला धावले.

बंधू-भगिनींनो, मी औरंगाबादच्या बसस्टँडवर पत्रकं वाटलेली आहेत. लोक ती घेत नाहीत. घेतली तर भजी ठेवतात. आणि त्या दिवशी मी परत मागायला गेले तर एक जण देईना!

“का परत हवंय?” पहिल्याच खुर्चीतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

“चुकीचं आहे.”

“असं? काय चुकलंय?” आणि त्यांनी चष्मा काढून, पुसून, घालून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन रांगांत बातमी पसरली की पत्रकात काहीतरी भानगड आहे. माना खाली गेल्या. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा मी एवढं वाचन पाहिलेलं नाही. एका काकूंनी त्यात फुलांच्या पाकळ्या बांधल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आधी दुसरा कागद आण.” एका पोराने विमान केलं होतं. “आंटी, धिस वन माइन, लाह!” असं म्हणून त्याने ते उडवलं आणि ते भन्तेजींच्या पायाशी उतरलं. भन्तेजींनी ते उलगडलं आणि, काय सांगू, वाचायला लागले. राडका डाव्या बाजूने, मी उजव्या बाजूने, मेतोदी मधून, लोकांच्या हातातून कागद ओढत होतो. भन्तेजींकडून मी नमस्कार करून घेतलं.

मोजले. एकशे एकोणपन्नास.

दीडशेवं पहिल्या रांगेत होतं, विहीणबाईंच्या हातात. बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा सोनेरी साखळीला. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चार घड्या घातल्या, उठल्या आणि थेट मेश्रामकाकांसमोर गेल्या. मी मागोमाग.

“मेश्रामसाहेब, तुमचे वडील क्लॅरिनेट वाजवायचे?”

काकांनी कागद उलगडला. वाचला. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“नाही,” ते म्हणाले.

“इथे तर छापलंय.”

“छापलंय ते खोटं आहे. कुणी लिहिलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

“तू? गळ्यात ढोल घालून फिरतेस ना तू? आणि हे लिहिलंस?” त्यांचा आवाज चढला. चार वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस, पण आता थांबेना. “माझा बाप ढोल वाजवायचा. मोठा ढोल. शेवटच्या रांगेत. क्लॅरिनेटवाला पुढे. हार क्लॅरिनेटवाल्याला, फोटो क्लॅरिनेटवाल्याचा, गावभर बोलबाला काय तर क्लॅरिनेट काय वाजवतो! बापाचा खांदा पट्ट्याने सोलून निघायचा, आई तेल लावायची. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. आता तो गेला. जन्मात पहिल्यांदा त्याच्याबद्दल कागदावर छापून आलं, तर तेही क्लॅरिनेटवाला म्हणून!”

लाज नव्हती. राग होता, ढोलवाल्याचा राग. तोच राग, जो मी दर शनिवारी स्वतः गिळायचे, जेव्हा पाहुणे मेतोदीबरोबर फोटो काढून घ्यायचे आणि मला म्हणायचे, “जरा बाजूला होता का?” आणि तरी मी ढोलवाल्याला खोडून क्लॅरिनेटवाला छापला होता, कारण तो पत्रकात दिसायला बरा दिसत होता. शोषितांची बाजू घ्यायला निघालेली मी. माझा मीच निषेध करते.

विहीणबाईंनी पर्समधून पेन काढलं. “नाव काय त्यांचं?”

“सुदाम.”

त्यांनी ‘क्लॅरिनेट’वर काट मारली. वर लिहिलं, ‘मोठा ढोल. सुदाम मेश्राम.’ मग माझ्याकडे वळल्या. “बाकीची पत्रकं कुठेत?”

“परत घेतली.”

“आणा इकडे. अहो, पेनं काढा सगळ्यांनी!”

बँकवाल्यांकडे पेनं असतात. पहिल्या दोन रांगांनी एकशे एकोणपन्नास दुरुस्त्या केल्या, काही जणांनी सवयीने शेजारी सहीसुद्धा ठोकली. विमानवाल्या पोराने पेनासाठी रडारड केली. भन्तेजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मी तीच पत्रकं पुन्हा वाटली, आणि या खेपेला लोकांनी हात पुढे करून घेतली.

“आता वाजू द्या की ते क्लॅरिनेट,” विहीणबाई म्हणाल्या. “मुलगी दारात उभी आहे.”

काका म्हणाले, “वाजू दे. पण ढोल पुढे. क्लॅरिनेट मागे.”

हे मेतोदीला सांगितल्यावर त्याने क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं. तीस वर्षांत तो कुणाच्या पाठीमागे चाललेला नाही, असं त्याने हॉलला सांगितलं. पुढाऱ्यांच्या मुलींच्या लग्नात पुढे, घोड्याच्या पुढे, एकदा तर खुद्द नवऱ्याच्या पुढे! राडकाने ॲकॉर्डियनचा पट्टा सारखा करत त्याला बल्गेरियनमध्ये दोन शब्द ऐकवले. ते कोणते, हे तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मेतोदी मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला.

आणि मी निघाले. काका, मामा, मावशी. दारापासून मूर्तीपर्यंत, खुर्च्यांना वळसा घालून. माझ्या मागे पल्लवी आणि तिची आई, त्यांच्या मागे राडका, सगळ्यांच्या मागे मेतोदी. अपमान झालेला माणूस असं वाजवतो हे मला माहीत नव्हतं. खेडं, तुर्क, जॅझ, त्याच्या आईचं हिंदी गाणं, सगळं एकदम त्या नळीतून बाहेर पडत होतं. पहिल्या रांगेतले बँकवाले बसल्या जागी खांदे उडवत होते.

काकांनी खरं तर पल्लवीबरोबर चालायचं ठरलं होतं. ते पुढे माझ्या शेजारी आले. चालता चालता त्यांनी उजवा तळवा ढोलाच्या खाली घातला आणि वर उचलून धरला. माझ्या खांद्यावरचं ओझं गेलं. पण त्यांची बोटं छडीच्या बाजूच्या कातड्यावर टेकली होती आणि माझी टर्र पार बसली. सात ठोक्यांतले निम्मे मेले.

मी पडले स्पष्टवक्ती. “काका, हात काढा,” मी म्हटलं, “आवाज दबतोय.”

त्यांनी हात काढला नाही. समोर बघत चालत राहिले.

“दबू दे थोडा,” म्हणाले. “मागे क्लॅरिनेट आहे की.”